पहिल्या गिअरात उभी व्हॅन

जानेवारीतलं धुकं. समोरच्या घराचं फाटक दिसत नव्हतं, आणि किटल्यांचा आवाज येऊनही दूधवाला गल्लीच्या कुठल्या टोकानं येतोय ते कळत नव्हतं. अहिल्या शेवाळेनं गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि कोमट पाण्याची बादली घेऊन ती बाहेर आली. साडीवर नवऱ्याची जुनी मिलिटरीतली जर्सी, कानाला मफलर. व्हॅनच्या काचेवर दव गोठून बसलं होतं. तिनं तांब्यातांब्यानं पाणी सोडलं, फडक्यानं काच पुसली, मग दिवे, मग नंबरप्लेट. नंबरप्लेट रोज पुसायची. त्या वर्षांत पंचकुला असो की चंदीगड, चिखलानं झाकलेल्या नंबराची गाडी दिसली की नाक्यावरचा शिपाई आधी बंदूक सरसावायचा आणि मग विचारायचा.

माण तालुक्यात जन्मलेल्या बाईला पहिल्या हिवाळ्यात या धुक्याचं कौतुक वाटलं होतं. गावाकडं थेंबभर पाण्यासाठी आभाळाकडं मान वर करायची आणि इथं हवाच ओली! आता नुसता वैताग. त्यात आज बंद. अतिरेक्यांनी बंद पुकारला की पंजाबातली दुकानं मिटायचीच. चंदीगडही निम्मं मिटायचं आणि बसवाले आजारी पडायचे.

पण इस्पितळ मिटत नाही. पीजीआयमध्ये रात्रपाळीला असलेल्या सिस्टर दिवसपाळीची बाई आल्याशिवाय वॉर्ड सोडू शकत नव्हत्या. आसपासच्या सेक्टरांतल्या पाच जणींना घेऊन अहिल्या रोज सकाळी मध्य मार्गानं सरळ पीजीआयपर्यंत जायची. ही व्हॅन एका विंग कमांडरांच्या घरची. पोस्टिंगची ऑर्डर आली की साहेबलोक गाडी, फ्रिज आणि तुळशीची कुंडी एका आठवड्यात विकून मोकळे होत. कुंडीही शेवाळ्यांकडंच आली होती.

नवरा चंद्रकांत सैन्यातल्या ट्रान्सपोर्टमधून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. आता पंचकुल्यातच एका कारखान्याच्या गाड्यांवर देखरेख करायचा. पोरगी निशिगंधा कॉलेजात. आई मराठीत बोलायची, पोरगी हिंदीत उत्तर द्यायची आणि दोघींचं भांडण तरीही व्यवस्थित चालायचं. पोरीचं शिक्षण होईस्तोवर इथंच राहायचं, असं ठरलेलं. गावाकडून पत्रं यायची, पंजाब पेटलाय, या निघून. अहिल्या उत्तर धाडायची, पंजाब तिकडं, आम्ही हरियाणात. मधे एक रस्ताच आहे हे लिहायची नाही.

गाडी तिला चंद्रकांतनंच शिकवली. लहानपणी बैलगाडी हाकलेली बाई, हाताला दम होता. स्टेअरिंग दोन दिवसांत आलं. पण पायांचं शिक्षण कडक होतं, आणि त्यातला एक नियम तर दगडावरची रेघ.

"गाडी उभी राहिली तरी गिअरातनं काढायची न्हाई. पहिला टाकून ठेवायचा, क्लच दाबून ठेवायचा. लाल दिवा असू दे न्हाईतर फाटक असू दे. कोण बंदूक घिऊन आला की पाय सोडायचा आणि सुटायचं."

हा नियम हवेतून आलेला नव्हता. चंद्रकांत नोकरीत असताना ईशान्येकडच्या एका घाटात लष्करी गाड्यांची रांग दरड पडल्यामुळं थांबली होती. वरून गोळीबार झाला. चंद्रकांतची लॉरी गिअरात होती. उतारावरच्या मोकळ्या कडेनं त्यानं ती काढली आणि तो वाचला. त्याच्या पुढची लॉरी गुरुनाथची. गुरुनाथ त्याच्याच गावचा, त्याच्याच बरोबर भरती झालेला. त्यानं गाडी न्यूट्रलला टाकून पाय सैल सोडले होते आणि बिडी पेटवली होती. चंद्रकांतनं ही गोष्ट लग्नानंतर एकदा सांगितली. पुन्हा कधी नाही. नियम मात्र रोज सांगायचा.

चंदीगडात तर त्या दिवसांत सगळेच असं चालवायचे. चौकात थांबलेल्या गाड्या बंदूक दाखवून पळवल्या जात होत्या, त्यामुळं लाल दिव्याला उभा असलेला शहाण्यातला शहाणा माणूसही पहिल्या गिअरात, क्लचवर पाय रोवून बसायचा. गॅरेजवाल्यांची चंगळ होती.

मनीमाजऱ्याचा बलबीर मिस्त्री अहिल्येला मागच्याच आठवड्यात बोलला होता. क्लचचं पेडल जड झालं होतं, दाबलं की करकरायचं, आणि चढावर इंजिन ओरडायचं पण गाडी ओढायची नाही. बलबीरनं खाली वाकून क्लचची तार बोटानं चाचपली.

"बीबीजी, इसके धागे टूट रहे हैं. प्लेट भी घिस गई. आप खडी गाडी में क्लच दबा के बैठती हो ना?"

"हमारे साहब ने वैसाच सिखाया है."

"साहब तो ट्रक चलाते थे. ये बेचारी व्हॅन है." बलबीर हसला. "न्यूट्रल किया करो. तार दबी हुई टूटी तो मेंढक की तरह उछलेगी."

नवी तार आणि प्लेट तो मागवून ठेवणार होता. तेवढ्यात बंद पुकारला गेला आणि त्याचं शटर खाली आलं. अहिल्येनं आदल्या संध्याकाळी नवऱ्याला विचारलंही होतं.

"अवो, उद्या न्हेऊ का नको गाडी?"

"तुटली तर तुटली. गिअरात घालून सेल्फ मारायचा. उडी मारती आणि जाती. आमी असल्या गाड्या डोंगर चढिवल्यात."

"तुमच्या गाडीत बटाटं हुतं, माझ्या गाडीत बाया हायत्या," अहिल्या म्हणाली. पण सकाळी निघाली. विनया संध्याकाळीच सांगून गेली होती की तिची आयसीयूतली पाळी आहे.

विनया अकोल्याकडची. अंगानं काटकी, तोंडानं तोफ. व्हॅनमध्ये चढता चढताच तिनं सुरू केलं.

"मायबाई, काय थंडी हाय! अहिल्याताई, तुमच्या या गाडीत हिटर काहून नाही वो?"

"तू बोल, आपुआप गरम हुतंय."

पुढच्या सीटवर हरबन्स कौर. लॅबमध्ये नोकरी, केस पांढरे झालेले, शालीत गुरफटलेली, सगळे तिला बेबेजी म्हणायचे. मागं विनया आणि आणखी तिघी सिस्टर, पांढऱ्या साड्यांवर निळे स्वेटर. बेबेजी रोजच्यासारखी तोंडातल्या तोंडात गुरबाणीचा पाठ म्हणत होती. अहिल्येनं दिवे लावले, आतला दिवाही लावला. नाक्यावर आतली माणसं दिसली पाहिजेत.

पंचकुल्यातून चंदीगडात शिरताना, हाउसिंग बोर्डाच्या चौकाआधी तो नाका होता. रस्त्यावर ड्रम आडवे, त्यांच्यामागं वाळूची पोती, पोत्यांवर मशीनगनचं नळकांडं. मागल्या महिन्यात दुसऱ्या एका रस्त्यावर ट्रॅक्टरचे ब्रेक लागले नाहीत म्हणून नाक्यावरून गोळी सुटली होती आणि ट्रॅक्टरवाला जागीच गेला होता. तेव्हापासून सगळे नाक्याला देवळासारखे जायचे, हळू, वाकून.

बंद असला तरी धुक्यामुळं रांग लागलेली. अहिल्येच्या पुढं एक स्कूटर, त्याच्यापुढं एक ॲम्बेसेडर. रांग वीतभर सरकायची, थांबायची. पहिला गिअर, अर्धा क्लच, थोडं पुढं, पाय खाली. पुन्हा अर्धा क्लच. गाडीत जळका वास यायला लागला.

"कोनाचं दूध करपलं?" विनयानं विचारलं.

"माझ्या नशिबाचं. गप बस."

ॲम्बेसेडर सुटली. स्कूटरवाला तपासणीला थांबला. अहिल्या थांबली. पहिला गिअर, पाय क्लचवर घट्ट, नियमाप्रमाणं. पाऊल बधिर झालं होतं. समोर एक जवान शिपाई रायफल छातीशी धरून उभा, मिशी अजून नीट फुटलेली नव्हती, धुक्यात डोळे बारीक करून बघत होता.

खाली कुठंतरी टक् असा आवाज झाला. पेडल पायाखालून निघून गेलं, विहिरीत दगड जावा तसं, आणि व्हॅननं उडी मारली. अहिल्येचा उजवा पाय ब्रेकवर आपटला. गाडी गचका खाऊन बंद पडली. स्कूटरच्या मागच्या दिव्यात आणि व्हॅनच्या नाकात कसाबसा हातभर अंतर राहिलं. स्कूटरवाला स्कूटर टाकून आडवा झाला होता.

"हिलना नहीं! हाथ ऊपर! सब हाथ ऊपर!"

शिपायाची रायफल खांद्याला लागली होती. पोत्यांमागचं नळकांडंही इकडं वळलं. अहिल्येनं दोन्ही हात वर केले, ते टपाला लागले. मागं कुणीतरी रडायला लागलं. शिपायाचं बोट घोड्यावर होतं आणि ते बोट थरथरत होतं. अहिल्येला ते सगळ्यात आधी दिसलं. शेरडाच्या ओठासारखं थरथरत होतं.

बेबेजीनं पाठ थांबवला. हात वरच ठेवून, आवाज न चढवता ती म्हणाली, "पुत्तर, मेरे हत्थ उत्ते ने. हुण तूं वी उंगल परे कर लै."

शिपायानं बोट बाजूला केलं नाही, पण त्याचा श्वास सुटला. तेवढ्यात मागून हवालदार धावत आला. पन्नाशीचा, पहाडी तोंडवळ्याचा. त्यानं रायफलची नळी हातानं खाली दाबली आणि खिडकीशी आला.

"मरना है क्या? उछाली क्यों?"

"मैं कुछ नहीं उछाली. क्लच की तार टूटी."

सगळ्यांना उतरवलं. डबे उघडले, पिशव्या उलट्या केल्या. बेबेजीच्या पिशवीतली कृपाण बाहेर काढून बघितली आणि परत ठेवली. खाली वाकून एका शिपायानं आरशानं गाडीचा तळ पाहिला. तुटकी तार लोंबत होती. हवालदारानं ती पाहिली, मान हलवली आणि घड्याळाकडं बघितलं. पुढचा स्कूटरवाला केव्हाच सुटला होता आणि मागं रांग वाढत चालली होती. नाक्याच्या तोंडाशी बंद गाडी उभी ठेवायची त्याला भीती होती.

"ठीक है. बैठो सब. स्टार्ट करो और निकलो."

अहिल्या चावीवर हात ठेवून थांबली. नवऱ्याचा दुसरा धडा तिला तोंडपाठ होता. गिअरात घालायचं, सेल्फ मारायचा, गाडी उडी मारते आणि जाते. उडी मारते. समोर तोच शिपाई, तेच बोट.

"क्या हुआ? निकलो!"

"नहीं निकलूंगी."

मागं विनयानं कपाळाला हात लावला. "अवो ताई, काय बोलून राह्यल्या तुम्ही?"

"हवालदारसाब," अहिल्या म्हणाली, "क्लच नहीं है. स्टार्ट करूंगी तो गाडी फिरसे उडी मारेगी. आपका वो लडका है ना, वो घाबर्‍या है. एक बार उडी मारी तो उसने बेबेजी का सुनके छोड दिया. दुसरी बार नहीं छोडेगा. मेरी गाडी में पाँच बाया है."

हवालदारानं शिपायाकडं पाहिलं. शिपायानं मान खाली घातली.

"तो क्या करें, उठा के ले जाएँ?"

"धक्का. गिअर निकाल के धक्का. चाबी आप रखो."

तिनं चावी काढून त्याच्या हातावर ठेवली, गिअरचा दांडा मधे ओढला, आणि हात बाहेर काढून दाखवला. पांढऱ्या साड्यांतल्या सिस्टर गाडीच्या मागं लागल्या. बेबेजीनं शाल कमरेला खोचली.

"जोर लगा के!" विनया ओरडली.

"धीरे!" हवालदार ओरडला. "धीरे!"

व्हॅन सायकलीच्या वेगानं ड्रमांमधून गेली, वाळूच्या पोत्यांसमोरून गेली, आणि पलीकडं कडुलिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. हवालदार चालत आला, चावी दिली आणि जाताना म्हणाला, "लावारिस मत छोडना यहाँ. नहीं तो हम उसको बम समझेंगे."

सगळ्या घामाघूम झाल्या होत्या, जानेवारीत.

"चला न मंग," विनया म्हणाली. "आता तर नाका मागं राह्यला. आता मारा तुमचा थो सेल्फ."

"आनि म्होरं?"

"म्होरं काय?"

"सव्वीस सेक्टरला नाका. इस्पितळाच्या चौकात नाका. तिथं थांबावं लागंल. थांबलं की पुन्हा उडी. हवालदार भला होता म्हणून ऐकलं, दर नाक्यावर भला हवालदार आसतोय व्हय?"

"मी वेळेवर नाही पोचली तर रातच्या सिस्टरीनं काय करायचं? तिचं लेकरू हाय घरी."

"तू पोचशील. व्हॅन न्हाई पोचणार."

विनयाला ते आवडलं नाही. तिनं आणखी दोन वाक्यं ऐकवली, त्यातलं एक माणदेशातल्या बायकांविषयी होतं. अहिल्या जाऊन हवालदाराजवळ उभी राहिली. थोड्या वेळानं दुधाच्या क्रेटांचा टेम्पो नाक्यावर तपासणीला थांबला; बंदमध्ये दुधाला सूट असायची. हवालदारानं टेम्पोवाल्याशी दोन शब्द बोलून पाचही जणींना मागं चढवलं. क्रेटांच्या मधे पांढऱ्या साड्या. बेबेजी पुढं ड्रायव्हरजवळ बसली आणि तिनं लगेच पाठ सुरू केला. विनया निघताना ओरडली, "ताई, गाडी सोडू नका वो! बम समजून उडवतील!" टेम्पो धुक्यात गेला तरी हसण्याचा आवाज येत राहिला.

अहिल्या गाडीत बसून राहिली. डावा पाय सारखा आपोआप खाली जात होता, नसलेलं पेडल दाबायला.

चंद्रकांत स्कूटरवरून आला तोवर धुक्यात सूर्याचा पांढरा ठिपका दिसायला लागला होता. टेम्पोवाल्यानं परतताना घरी निरोप दिला होता. त्यानं स्कूटर लावली, आधी बायकोच्या तोंडाकडं बघितलं, मग गाडीखाली वाकला.

"तारच तुटली की."

"व्हय."

"मग सेल्फ मारून का न्हाई गेलीस? शिकिवलं हुतं ना?"

"बंदुकीम्होरं मारू?"

"नाका वलांडल्यावर मारायचा."

"म्होरं अजून दोन हायती."

मग तिनं सांगितलं. उडी, रायफल, बोट. बेबेजी काय म्हणाली ते. तो ऐकत होता, पण नजर व्हॅनच्या चाकावर होती.

"गाडी गिअरात हुती म्हणून उडाली," ती म्हणाली. "न्यूट्रलला आसती तर तार तुटली आसती आन् नुसता पाय खाली गेला आसता. तितंच उभी ऱ्हायली आसती."

चंद्रकांतनं चाकावरचा चिखल बोटानं खरवडला. मग म्हणाला, "गुरुनाथ न्यूट्रलला हुता."

इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून ते नाव आलं होतं. अहिल्येनं घाई केली नाही.

"ठाव हाय मला. पर तुमच्या बाजूला मोकळी कड हुती. माझ्याम्होरं स्कूटर. स्कूटरम्होरं पिंप. पिंपाम्होरं वाळूची पोती. सांगा, पाय सोडून मी कुठं पळायचं हुतं?"

स्कूटर नाक्याजवळच्या चहाच्या बंद टपरीला टेकवून तो व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या जागी बसला. घर नाक्याच्या पलीकडं होतं. त्यानं चावी घातली, तेवढ्यात हवालदारानं लांबूनच हात वर केला.

"ना, ना! बहनजी ने समझा दिया है. न्यूट्रल में. धक्के से."

"मी सुभेदार आहे," चंद्रकांत मराठीतच पुटपुटला आणि उतरला. स्टेअरिंगला अहिल्या, मागं सुभेदार. तोच जवान शिपाई न बोलावता आला आणि त्यानंही एक खांदा लावला. नाका पार झाल्यावर मात्र चंद्रकांतनं गाडी गिअरात घालून सेल्फ मारला. ती गचके खात सुटली आणि तो ती एकाच गिअरात, कुठंही न थांबता घरापर्यंत घेऊन गेला. अहिल्या मागून स्कूटर घेऊन गेली. स्कूटर तिला नीट येत नव्हती, पण त्या रिकाम्या रस्त्यावर कोण बघत होतं.

बंद उठल्यावर बलबीरनं तार आणि प्लेट बदलली. जुनी प्लेट त्यानं दाखवली, काळी पडलेली, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी. पहिल्या दिवशी चंद्रकांत कामाला उशिरा जातो म्हणाला आणि पुढच्या सीटवर बसला. बेबेजीला मागं जावं लागलं, आणि विनयानं सुभेदारसाहेबांना पाहून तोंड आवरलं, तेही चौकापर्यंतच.

नाक्यावर रांग होती. अहिल्या थांबली. डाव्या पायानं क्लच दाबला, दांडा मधे ओढला, हँडब्रेक लावला. मग पाय उचलला आणि बाजूला, गाडीच्या पत्र्यावर टेकवला. पाय कसा ओझं उतरल्यासारखा मोकळा झाला. चंद्रकांतची नजर त्या पायावर होती. त्यानं डाव्या हातानं दाराचं हँडल धरलं आणि धरूनच ठेवलं. रांग सरकली. तिनं क्लच दाबला, गिअर टाकला, पुढं गेली, थांबली आणि पुन्हा गिअर काढला. दुसऱ्यांदा त्यानं पायाकडं बघितलं नाही. मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिला.

"काय वो सुभेदारसाहेब," मागून विनया, "ताई गाडी बरी चालवते का?"

"चालिवती," तो म्हणाला.

पीजीआयला बायका उतरल्या. परतताना दोघंच होती. सव्वीस सेक्टरच्या लाल दिव्याला अहिल्येनं पुन्हा गिअर काढला, तेव्हा चंद्रकांतनं दोन्ही बाजूंच्या काचा पाहिल्या, मागचा आरसा पाहिला, रस्त्यावरचा एकेक माणूस पाहिला. हिरवा दिवा लागेपर्यंत बघत राहिला. गाडी सुटल्यावर म्हणाला, "मी बगतो. तू चालव."

घरी आल्यावर तो जेवणाचा डबा घेऊन कामाला गेला. निशिगंधा कॉलेजला गेलेली. मंडईतून आणलेले वाटाणे ओट्यावर तसेच पडले होते. अहिल्येनं परात घेतली, उन्हाच्या पट्ट्यात पाय पसरून बसली आणि शेंगा सोलायला लागली.